काळा दाणा आणि काकवीवर थांबलेलं विष

रुमैथियात माझ्या ताईचं घर आहे. कुवेतमधल्या सालमियाला लागूनच, पण त्या मानाने शांत. गेल्या डिसेंबरमध्ये ताईला मुलगी झाली आणि तिचं बाळंतपण करायला आजी थेट माणहून आली. माण म्हणजे सातारा जिल्ह्यातला दुष्काळी तालुका, बाजरीचा मुलूख. मीही आठ दिवसांची रजा टाकून पोचले. तिसऱ्या दिवशी आजीने दुकानातून अख्खी बाजरी मागवली, स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, त्यात पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "मीठ घाल. घाल अजून, हात आखडू नको."

मी पाव किलो मीठ घातलं. तिला ते कमी वाटलं. शेवटी दोन किलोची अख्खी पिशवी संपली. मग तिने बाजरी ओतली, हाताने ढवळली, आणि वर तरंगणारं सगळं चाळणीने काढून सिंकमध्ये टाकायच्या आधी खिडकीशी नेऊन निरखून पाहिलं. काळं काही नव्हतं. थोडा कोंडा, काही पोचट दाणे.

"काय शोधतेस?"

"काळा दाणा. बाळंतिणीच्या पोटात जायला नको. भोवळ आणतो."

माझं काम बुरशींच्या जीनोमवर आहे. पिकांवर पडणाऱ्या, विष तयार करणाऱ्या बुरशींवर. आजी ज्याला काळा दाणा म्हणत होती त्याच्या एका चुलत भावाची जनुकं मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर कित्येकदा पाहिलेली आहेत, पण तो दाणा हातात घेऊन कधी पाहिला नव्हता. या भागात पॉडकास्टवर बोलताना मी ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली. ती इथे नीट सांगते.

काळा दाणा हा मुळात दाणा नसतोच. बाजरीच्या कणसात फुलोरा आला की त्यातल्या एकेका फुलात बुरशीचे बीजाणू शिरतात आणि जिथे दाणा भरायचा तिथे बुरशी स्वतःच वाढते. आधी कणसावर मधासारखे गुलाबी-पांढरे चिकट थेंब दिसतात. किडे, पाऊस आणि वारा ते थेंब शेजारच्या कणसांवर नेतात. नंतर तिथे गडद तपकिरी-काळी, टणक गाठ तयार होते. ही गाठ म्हणजे बुरशीचा उन्हाळा काढायचा मुक्काम. कृषी खात्याच्या पत्रकांत या रोगाचं नाव 'अरगट' असं असतं. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ कोंबड्याच्या पायावरची नखी. युरोपात राय नावाच्या धान्यावर ही गाठ तशीच वाकडी, लांब वाढते.

युरोपात या नखीने शतकानुशतकं माणसं मारली. रायच्या पावात ती दळली गेली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं काळी पडतात, आग होते आणि शेवटी अवयव गळून पडतात. लोक त्याला सेंट अँथनीची आग म्हणत, आणि अशा रोग्यांची सेवा करण्यासाठी अकराव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती साधूंचा एक पंथच उभा राहिला. ही सगळी जुनी गोष्ट आहे असं समजू नका. इथिओपियात १९७७-७८ मध्ये रानटी ओटमध्ये मिसळलेल्या अरगटने लोकांचे पाय सडले होते.

आता आपल्याकडे या. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाऊन लोक एकदम आजारी पडायला लागले. पटेल, बोमन आणि दलाल या डॉक्टरांनी १९५८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. बाजरीत अरगट होता. १९७५ साली राजस्थानात पुन्हा तसंच झालं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णम्माचारी आणि भट यांनी त्याचा अभ्यास केला. मळमळ, पुन्हापुन्हा उलट्या, गरगरणं, आणि मग गुंगी. खाल्ल्यावर काही तासांत सुरू, एक-दोन दिवसांत माणूस सावरतो. बोटं काळी पडली नाहीत. कुणाचा पाय गेला नाही.

म्हणजे रोग तोच, नाव तेच, गाठही दिसायला साधारण तशीच. मग रायच्या पावाने पाय गेले आणि बाजरीच्या भाकरीने नुसती भोवळ आली, असं का?

पहिलं उत्तर सोपं आहे: बुरशी एक नाही. बरीच वर्षं भारतात बाजरीवरच्या अरगटला वेगळ्याच नावाने ओळखायचे. १९६७ मध्ये लव्हलेस या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या बाजरीवरून तिला 'क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस' असं स्वतंत्र नाव दिलं. रायवरची ती 'क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया'. रसायनशास्त्रज्ञांनाही फरक दिसला होता. पर्प्युरियात अर्गोटामिनसारखी मोठी, गुंतागुंतीची विषं सापडतात. बाजरीवरच्या बुरशीत त्याच कुटुंबातली पण लहान, साधी विषं सापडतात. अॅग्रोक्लॅविन आणि एलिमोक्लॅविन ही त्यातली मुख्य. पण 'ही बुरशी हे बनवते, ती ते बनवते' हे वर्णन झालं. का बनवत नाही, हे कळायला तिच्या आत वाचावं लागलं.

इथे मला गुऱ्हाळाची मदत घेऊ द्या, कारण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते बरं आहे. ऊस आला, चरकातून रस निघाला, रस काहिलीत उकळला, त्याची काकवी झाली आणि अजून आटवल्यावर गूळ. प्रत्येक टप्प्याला एक माणूस लागतो. बुरशीच्या विषाचंही तसंच. ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, एकेक एन्झाइम त्यात थोडा बदल करतं, मध्ये अॅग्रोक्लॅविन आणि एलिमोक्लॅविन तयार होतात (ही आपली काकवी), त्याचं पुढे लायसर्जिक आम्ल होतं, आणि त्याला आणखी तुकडे जोडले की अर्गोटामिनसारखा गूळ. एलएसडी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातला पहिला 'एल' याच लायसर्जिक आम्लाचा. १९३८ मध्ये अल्बर्ट हॉफमनने स्वित्झर्लंडमध्ये ते पहिल्यांदा बनवलं ते अरगटवर काम करतानाच.

बुरशींची एक सवय आमच्यासारख्या लोकांच्या फार सोयीची आहे. एका विषाची सगळी जनुकं त्या डीएनएमध्ये बहुतेक वेळा शेजारीशेजारीच ठेवतात. सगळं गुऱ्हाळ एकाच आवारात. त्यामुळे एक जनुक ओळखलं की आजूबाजूची वाचत जायची. पर्प्युरियाचं हे आवार जर्मनीत म्युन्स्टरला पॉल ट्युडझिन्स्कींच्या गटाने १९९० च्या दशकाच्या शेवटी शोधलं. मग २००७ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या केंटकीच्या ख्रिस्तोफर शार्डल यांच्या गटाने मिळून बाजरीवरच्या बुरशीचं आवार वाचून दोन्ही शेजारी ठेवली. मला या सगळ्या विषयातला हा सर्वात आवडता शोधनिबंध वाटतो, आणि तो का हे सांगायला थोडं थांबावं लागेल.

अपेक्षा अशी असते की बाजरीवरच्या बुरशीत पुढच्या टप्प्यांची जनुकं नसतीलच. तिथे तसं निघालं नाही. शेवटचे तुकडे जोडणारी काही जनुकं खरंच नव्हती. पण लायसर्जिक आम्ल घेऊन पुढे जाणारं एक जनुक, एलपीएस-बी, तिथे होतं, फक्त मोडक्या अवस्थेत. त्याचा एक भाग तुटलेला, आणि उरलेल्यात अक्षरं इकडेतिकडे गळलेली. अक्षर गळल्याने काय होतं ते मराठीत बघा. डीएनए तीनतीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो, मध्ये जागा न सोडता. समजा मजकूर आहे 'कमल गवत बदक नगर'. आता पहिल्या शब्दातला 'म' गळला. वाचणारा तरीही तीनतीन अक्षरंच उचलणार: 'कलग वतब दकन गर'. एका अक्षराने पुढचं सगळं वाक्य गेलं. अशा जनुकाला आम्ही मृत जनुक म्हणतो. बुरशी ते अजूनही इमानदारीत चालू करते, त्याची आरएनए नक्कल काढते, पण त्यातून कामाचं काही निघत नाही. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा रोज वाजावा तसं.

खरी गंमत याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. एलिमोक्लॅविनचं लायसर्जिक आम्ल करणारं जनुक म्हणजे क्लो-ए. काकवीचा गूळ करणारा तो गुळव्या. बाजरीवरच्या बुरशीत हे जनुक आहे. पूर्ण आहे. अक्षर गळलेलं नाही, मध्येच पूर्णविराम आलेला नाही. बुरशी ते चालूही करते. नुसता जीनोम वाचून कुणी अहवाल लिहिला असता तर त्याने बेधडक लिहिलं असतं की ही बुरशी लायसर्जिक आम्ल बनवू शकते. आणि तो चुकला असता.

हे कळलं कारण त्यांनी वाचून थांबायचं नाही असं ठरवलं. पर्प्युरियाचं क्लो-ए त्यांनी बाजरीवरच्या बुरशीत घातलं, आणि तिने लायसर्जिक आम्ल बनवायला सुरुवात केली. म्हणजे बाकी सगळं आवार तयारच होतं. बाजरीवरच्या बुरशीचं स्वतःचं क्लो-ए मात्र तपासणीत निकामीच ठरलं. गुळव्या चुलवाणापाशी उभा आहे, कपडेही कामाचे आहेत, पण हात चालत नाही. त्याच्या रचनेत कुठेतरी अशी बारीक चूक आहे जी वाचताना चूक वाटत नाही.

माझ्या क्षेत्रात हल्ली एखाद्या बुरशीचा जीनोम वाचायला काही दिवस पुरतात. मग एक प्रोग्रॅम चालवायचा, तो विषाची आवारं शोधून रंगीत बाणांचं चित्र काढून देतो. मी स्वतः अशी चित्रं शेकड्यांनी काढली आहेत. ती उपयोगी आहेतच, पण प्रत्येक बाण हा फक्त संशय असतो. क्लो-एची गोष्ट मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात सांगते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की मग जीनोम कशाला वाचायचा? वाचल्याशिवाय कुठलं जनुक उचलून घालायचं हे कळलं नसतं, म्हणून.

२०१३ मध्ये शार्डल आणि सहकाऱ्यांनी या कुटुंबातल्या १५ बुरशींचे जीनोम एकत्र मांडले. त्यात पर्प्युरिया आणि बाजरीवरची बुरशी दोन्ही होत्या, शिवाय गवतांच्या आत गुपचूप राहणाऱ्या दहा आणि आपल्या गारवेलीच्या कुळातल्या वेलीवर राहणारी एक. त्यातून दिसलं की विषाच्या सुरुवातीच्या टप्प्यांची जनुकं जवळपास सगळीकडे टिकून असतात, आणि शेवटच्या टप्प्यांची जनुकं आवाराच्या कडेला, उड्या मारणाऱ्या आणि एकसारख्या पुनरावृत्त होणाऱ्या डीएनएच्या शेजारी बसलेली असतात. तिथे मोडतोड जास्त होते. म्हणून एकाच घराण्यातल्या बुरशी वेगवेगळ्या टप्प्यावर थांबतात. त्या जुन्या पूर्वजाकडे बहुधा जास्त पूर्ण कारखाना होता. आपल्या बाजरीवरच्या शाखेने तो वाटेत गमावला. साताऱ्याच्या लोकांचे पाय वाचले त्यात आरोग्य खात्याची किंवा कुणाच्या पुण्याईची काही भूमिका नव्हती. काही लाख वर्षांपूर्वी की त्याहून आधी, एका बुरशीत एक एन्झाइम बिघडलं, एवढंच.

असे बिघडलेले कारखाने कामालाही येतात. मक्यावर आणि शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिन बनवणारी 'अॅस्परजिलस फ्लेव्हस' तुम्हाला माहीत असेल. १९७४ मध्ये राजस्थानच्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात तिच्यामुळे आदिवासी वस्त्यांत १०० हून जास्त माणसं गेली. हीच बुरशी अमेरिकेत आता मुद्दाम शेतात पसरतात, फक्त विष न बनवणारे वाण निवडून, म्हणजे ती विषारी बुरशीची जागा अडवून बसते. असं एक वाण आहे ज्यात सुरुवातीच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललंय, आणि दुसरं आहे ज्यात विषाचं सगळं आवारच उडालेलं आहे. मी शेतकरी असते तर दुसरं मागितलं असतं. मोडलेलं कुलूप दुरुस्त होऊ शकतं. दारच नसेल तर प्रश्न मिटला. पण ही निवड करता येते ती कुणीतरी दोन्ही वाचल्यामुळे.

परत बाजरीकडे. आत्तापर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की आपला अरगट सौम्य, चला सुटलो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आजीच्या 'बाळंतिणीच्या पोटात' या शब्दांनी मी पुन्हा जुने कागद काढले.

१९५९ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियातून एक नोंद आली. बाजरीवरचा अरगट मिसळलेलं खाद्य खाऊन विणाऱ्या डुकरिणींचं दूध आटलं, आणि पिल्लं उपाशी राहिली. कारण नंतर कळत गेलं. अॅग्रोक्लॅविन आणि त्याच्यासारखी द्रव्यं मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारं प्रोलॅक्टिन दाबतात, आणि प्रोलॅक्टिनशिवाय दूध नाही. उंदरांमध्ये अॅग्रोक्लॅविनने गर्भ रुजणंच थांबतं असंही दिसलं आहे. याच घराण्यातून बनवलेलं ब्रोमोक्रिप्टिन हे औषध डॉक्टर पूर्वी दूध बंद करायला देत असत. आणि याच घराण्यातलं मेथर्जिन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात. आपल्या आयांपैकी कितीतरी जणींना ते दिलं गेलं असेल. म्हणजे डोस आणि वेळ बरोबर असेल तर औषध, भाकरीतून नकळत गेलं तर काय, हे सांगता येत नाही. आणि आपल्याकडे बाळंतिणीला अंगावर दूध यावं म्हणून काय देतात? बाजरीची भाकरी, तूप घालून.

आजीला प्रोलॅक्टिन माहीत नाही. तिच्या सासूने सांगितलं म्हणून ती करते. तिच्या सासूला कुणी सांगितलं ते ठाऊक नाही. आजीने काळा दाणा खाऊन झालेली भोवळ एकदा पाहिली होती, लहानपणी, शेजारच्या घरात. कुठलं साल, तिला आठवत नाही. मी १९५६-५७ चं जुळवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आठवणीला आपल्या सोयीचं साल चिकटवणं बरं नाही.

युरोपात राहणाऱ्या तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आमच्याकडे अन्नाची तपासणी कडक असते. असते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये धान्यातल्या अरगटच्या विषांवर मर्यादा घातली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात १२ विषांची बेरीज मोजतात. ती १२ म्हणजे पर्प्युरियाची: अर्गोटामिन, अर्गोमेट्रिन आणि त्यांची भावंडं. सगळी गुळाच्या बाजूची. अॅग्रोक्लॅविन त्या यादीत नाही. म्हणजे बाजरीच्या पिठात आपल्या बुरशीचं विष असलं तरी या बेरजेत ते शून्य दिसू शकतं. नियम बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या पावाचा विचार केला, आपल्या भाकरीचा नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि बाजरी जगभरच्या दुकानांत गेली. यादीनेही तिच्या मागे जायला हवं.

शेतातली बाजू थोडक्यात. बाजरीच्या फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर येतो आणि परागकण नंतर. मधल्या काळात फूल उघडं असतं आणि बुरशी तेव्हाच घुसते. पराग पडला की केसर आकसतो आणि दार बंद होतं. म्हणून फुलोऱ्यात पावसाची झड लागली, पराग धुऊन गेले, की रोग वाढतो. १९६५ मध्ये बाजरीचा पहिला संकरित वाण आला, उत्पन्न वाढलं, पण संकरित बाजरीवर केवडा, काणी आणि अरगट यांचा त्रासही वाढला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये नंतर हे मधलं अंतर कमी असलेले वाण शोधायचं बरंच काम झालं. बाजरीचा स्वतःचा जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे आता दोन्ही बाजूंचा मजकूर हातात आहे.

आणि मीठ. आजीचा उपाय कृषी खात्याच्या पत्रकातही आहे, पेरणीच्या बियाण्यासाठी: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. एवढ्या खारट पाण्यात भरलेला दाणा बुडतो आणि बुरशीची गाठ हलकी असल्यामुळे तरंगते. माझं पाव किलो त्या पातेल्याला खरंच फार कमी होतं. खायची बाजरी असेल तर नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायची आणि खडखडीत वाळवायची. पण हे अख्ख्या बाजरीलाच जमतं. पीठ तरंगवता येत नाही, आणि तव्यावर भाजल्याने ही विषं पूर्ण नाहीशी होतात असंही नाही. म्हणून पीठ घेत असाल तर सुटं, कुठून आलं माहीत नसलेलं घेऊ नका, एवढंच सांगेन. भारतातला नियम बाजरीत अरगट लागलेले दाणे वजनाने ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असा आहे, आणि पाकिटातली साफ केलेली बाजरी बहुतेक वेळा ठीक असते. आजीच्या चाळणीतही काही आलं नव्हतं.

बाजरी गच्चीत चादरीवर वाळली आणि ताईच्या घरघंटीवर दळली. भाकऱ्या थापताना मी आजीला सगळं सांगितलं: गुऱ्हाळ, गुळव्या, बंद पडलेलं जनुक. गुऱ्हाळाचं तिला पटलं. मग तिने विचारलं, "ती बुरशी वाचली म्हणालीस, ती कुठली?"

"प्रयोगशाळेत जपून ठेवलेली. बऱ्याच वर्षांपूर्वी गोळा केलेली."

"माणची नाही?"

"नाही."

तिने भाकरी उलटली. माझ्याकडे आता तिचा धाकटा भाऊ आहे, म्हणजे माझे मामाआजोबा. तो अजून बाजरी करतो. सप्टेंबरमध्ये पाऊस लागून राहिला तर कणसं बघून ठेव, असं तिने त्याला फोनवर सांगितलं, आणि काळी दिसली तर फेकू नको, पोरीला लागतायत.